बारा प्रश्नांवर ठरणारी पायरी: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी प्लेसमेंट टेस्ट का सोडली

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात सहसा कुणाला प्रवेश नाकारला जात नाही. नुकतीच शाळा संपवलेला अठरा वर्षांचा मुलगा असो की मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला निघालेली आई, अर्ज भरला की जागा मिळते. इथे क्रेडिट जमवायची आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, हा तिथला ठरलेला मार्ग आहे. कॉलेजं शंभराहून जास्त, विद्यार्थी लाखोंनी. इतक्या मोकळ्या व्यवस्थेतही अडवणूक व्हायची, पण ती आत शिरल्यावर. अडवणारी गोष्ट दिसायला अगदी किरकोळ होती: पहिल्या सत्राआधी गणिताची आणि इंग्रजीची घेतली जाणारी प्लेसमेंट टेस्ट. नोकरीच्या प्लेसमेंटशी तिचा काही संबंध नाही. नव्या विद्यार्थ्याला कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं, एवढंच ती ठरवायची.

एवढंच, असं म्हणणंही बरोबर नाही. त्या एका निर्णयावर कित्येकांचं पुढचं शिक्षण अडून राहिलं. २०१७ साली राज्याने कायदा करून ही पद्धत मोडीत काढली. हा बदल कसा झाला, त्याने काय साधलं आणि काय अजून लटकलेलं आहे, ते या प्रकरणात तपशिलाने पाहू.

चाचणी आणि तिचा निकाल

अमेरिकेत या कामासाठी दोन चाचण्या सर्वाधिक चालायच्या: कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ॲक्युप्लेसर आणि एसीटी या तशाच दुसऱ्या संस्थेची कंपास. कॅलिफोर्नियातली कॉलेजं यांतली एखादी किंवा दुसरी एखादी मान्यताप्राप्त चाचणी वापरायची, आणि कटऑफ प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवायचं. त्यामुळे एकच विद्यार्थी एका कॉलेजात ट्रान्सफर पातळीच्या, म्हणजे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या वर्गाला पात्र ठरायचा आणि शेजारच्या कॉलेजात दोन पायऱ्या खाली जायचा.

ॲक्युप्लेसरच्या जुन्या आवृत्तीत प्राथमिक बीजगणिताची चाचणी बारा प्रश्नांची होती. वेळेचं बंधन नव्हतं, पण संगणक मागच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडायचा. म्हणून प्रश्न सोडून पुढे जाता येत नसे आणि मागे येऊन उत्तर सुधारताही येत नसे. शाळेतलं बीजगणित करून दोन वर्षं उलटलेला मुलगा पडद्यासमोर बसतो. अवयव कसे पाडायचे ते अंधुक आठवतं, पण चिन्ह कुठे बदलायचं ते आठवत नाही. पहिली दोन उत्तरं चुकली की प्रश्न सोपे होत जातात, आणि सोप्या प्रश्नांवर गुण चढायला मर्यादा असते. अर्ध्या तासात तो उठतो. २० ते १२० या मापावरचा एक आकडा आणि त्यापुढे वर्गाचं नाव छापलेला कागद हातात पडतो. अनेकांना या चाचणीसाठी तयारी करायची असते हेच माहीत नसे. प्रवेश तर मिळालाच आहे, ही नुसती औपचारिकता, असं समजून ते यायचे.

पायऱ्या किती असायच्या? ट्रान्सफर पातळीच्या खाली गणितात चारपर्यंत. अंकगणित, पूर्व-बीजगणित, प्राथमिक बीजगणित, माध्यमिक बीजगणित, आणि मग कुठे खरा अभ्यासक्रम. प्रत्येक पायरीला एक सत्र. विद्यापीठ त्यांची क्रेडिट धरत नसे, फी मात्र दर क्रेडिट युनिटला ४६ डॉलर लागायची. सरकारी मदत असली तरी केंद्राच्या पेल अनुदानाला आयुष्यभरात मिळून बारा सत्रांची मर्यादा आहे, आणि ती सत्रं इथेच खर्ची पडायला लागायची.

पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडलेलं चित्र असं होतं: कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी गणितात किंवा इंग्रजीत निदान एका पूर्वतयारीच्या वर्गात बसतात. अशांपैकी सहा वर्षांत पदवी वा प्रमाणपत्र मिळवणारे १६ टक्के, आणि विद्यापीठात जाऊ शकलेले २४ टक्के.

गळती कुठे होत होती

पहिली प्रतिक्रिया साहजिक असते: मुलं कच्ची होती, म्हणून गळली. ही समजूत तपासून बघायला कॅलिफोर्नियातल्याच दोन अध्यापिकांनी भाग पाडलं. शाबो कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या केटी हर्न आणि लॉस मेडानोस कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मायरा स्नेल यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्निया ॲक्सेलरेशन प्रोजेक्ट सुरू केला. त्यांचा मुद्दा साध्या गुणाकाराचा होता.

समजा, तीन पायऱ्या खाली बसवलेले १०० विद्यार्थी आहेत. प्रत्येक वर्गात ७० टक्के पास होतात, आणि पास झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन्ही आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, आणि मुद्दाम बरे घेतले आहेत. पहिल्या वर्गातून ७० जण पास. पुढच्या वर्गात येतात ५६. त्यातून पास ३९. तिसऱ्या वर्गात ३१, पास २२. ट्रान्सफर पातळीच्या वर्गात पोचतात साधारण १८, आणि तो पास होतात १२.

कुठल्याही एका वर्गात काही भयंकर घडलेलं नाही. प्रत्येक शिक्षकाचा निकाल ७० टक्के. तरी शंभरातले अठ्ठ्याऐंशी गेले. यातले कित्येक नापास झालेलेच नाहीत. पास होऊन पुढच्या सत्राला आले नाहीत. कामाच्या पाळ्या बदलल्या, घरी कुणी आजारी पडलं, गाडी बंद पडली. पायऱ्यांच्या मध्ये जितक्या सुट्ट्या, तितक्या वेळा गळायची संधी. शिकवणं कितीही सुधारलं तरी ही गळती आटोक्यात येत नाही, कारण ती वर्गांच्या मधल्या जागेत आहे. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, आणि पुढचे सगळे वाद तिच्याशी ताडून बघावे लागतात.

दुसरा धक्का न्यूयॉर्कहून आला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधलं कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर या विषयावर काम करत होतं. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन, पीटर क्रोस्टा आणि क्लाइव्ह बेलफिल्ड यांनी २०१२ ते २०१४ या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत चाचणीचे गुण आणि विद्यार्थ्याचं पुढचं यश यांची गाठ किती घट्ट आहे ते तपासलं. ती बरीच सैल निघाली. गणिताची चाचणी दिलेल्यांपैकी साधारण चारातला एक आणि इंग्रजीची दिलेल्यांपैकी तिनातला एक ढोबळपणे चुकीच्या वर्गात जात होता. ढोबळपणे म्हणजे कसं? ज्याला वरच्या वर्गात 'बी' किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळायची शक्यता होती तो खाली ढकललेला, किंवा नापास व्हायची शक्यता असलेला वर बसवलेला. यांतली पहिल्या प्रकारची चूक जास्त होत होती. शाळेच्या चार वर्षांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, हाताशी धरला तर चुका बऱ्याच कमी व्हायच्या.

जीपीए का सरस ठरतो हे समजायला अवघड नाही. त्यात वीस-पंचवीस शिक्षकांनी वेगवेगळ्या वेळी केलेलं मूल्यमापन साठलेलं असतं. गृहपाठ वेळेवर दिला का, एका परीक्षेत आपटल्यावर पुढच्या परीक्षेत सावरला का, वर्गात येत राहिला का, हे सगळं त्यात मुरलेलं असतं. कॉलेजात टिकायला नेमकं हेच लागतं. अवयव पाडायचं विसरलेला मुलगा दोन आठवड्यांत ते परत शिकू शकतो. शाळेशाळेतल्या श्रेण्या सारख्या नसतात, काही ठिकाणी त्या सैल हाताने दिल्या जातात, हा आक्षेप खराच आहे. पण त्या सगळ्या गोंधळासकट जीपीएचा अंदाज बारा प्रश्नांपेक्षा चांगला निघाला.

नियम आधीपासून होता

हे सगळं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, असं नाही, आणि ते वाचताना मन खट्टू होतं. १९८८ मध्येच लॅटिनो नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या माल्डेफ या संस्थेने कम्युनिटी कॉलेजांच्या चाचणीपद्धतीविरुद्ध खटला भरला होता. चाचणीमुळे लॅटिनो विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर पदवीच्या वर्गांबाहेर अडकतात, ही तक्रार होती. १९९१ मध्ये तडजोड झाली आणि केवळ एका चाचणीवर विद्यार्थ्याची जागा ठरवू नये, अनेक निकष पाहावेत, असं ठरलं.

म्हणजे नियम पंचवीस वर्षं कागदावर होता. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच उरला, की चाचणीच्या वेळी दोन-चार प्रश्न जास्तीचे विचारायचे. आठवड्याला किती तास नोकरी करता? शेवटचा गणिताचा वर्ग कधी केला? उत्तरांवरून एखाद-दुसरा गुण वाढायचा. निर्णय मात्र चाचणीच करायची. शाळांकडून गुणपत्रिका मागवायची, ती वाचायला माणूस बसवायचा, हे खर्चाचं काम. संगणकावरचा आकडा लगेच मिळतो. माझ्या मते चाचणी इतकी वर्षं टिकली ती तिच्यावरच्या विश्वासापेक्षा या सोयीमुळे.

वेगळी वाट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर धरली लाँग बीच सिटी कॉलेजने. २०१२ मध्ये या कॉलेजने लाँग बीचच्या शाळांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शालेय कामगिरीवरून वर्ग दिले. थेट ट्रान्सफर पातळीच्या वर्गात बसणाऱ्यांचं प्रमाण कैक पटींनी वाढलं, आणि त्या वर्गांत पास होणाऱ्यांचं प्रमाण मात्र फारसं घसरलं नाही. त्या वेळी कॉलेजचे प्रमुख होते एलॉय ऑर्टिझ ओकली. २०१६ च्या अखेरीस तेच राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचे चॅन्सलर झाले. दरम्यान कंपास चाचणी खुद्द एसीटीनेच बंद करायचं ठरवलं होतं. बदलाला अनुकूल माणसं आणि अनुकूल वेळ असे दोन्ही जुळून आले.

कायदा नेमकं काय म्हणतो

राज्याच्या विधानसभेच्या सदस्य जॅकी अर्विन यांनी मांडलेलं 'एबी ७०५' हे विधेयक गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये सही करून मंजूर केलं. गणित आणि इंग्रजीसाठी अंमलबजावणीची मुदत २०१९ चं शरद सत्र. कायद्याची भाषा काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. विद्यार्थी एका वर्षात ट्रान्सफर पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची शक्यता जास्तीत जास्त होईल असाच वर्ग त्याला द्यायचा, शाळेतले विषय, श्रेणी आणि जीपीए बघायचे. विद्यार्थी तिथे यशस्वी होण्याची शक्यता अगदीच कमी आहे असं संशोधनाने दिसलं, तरच पूर्वतयारीच्या वर्गाची सक्ती करता येईल. चॅन्सलर कार्यालयाच्या मार्गदर्शनात याला आणखी एक अट जोडली गेली: खालच्या वर्गात बसवल्याने त्याची शक्यता वाढते, हेही दिसलं पाहिजे.

या दुसऱ्या अटीने सगळा खेळ पालटला. आधी कॉलेज विचारायचं, 'हा मुलगा वरच्या वर्गात पास होईल का?' आता विचारावं लागलं, 'खाली बसवल्यावर तो वरचा वर्ग पास होण्याची शक्यता, थेट वर बसवण्यापेक्षा जास्त आहे का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कदाचित नाही' असलं, तरी दुसऱ्याचं उत्तरही 'नाही'च येऊ शकतं.

राज्याच्या माहितीवरून केलेल्या विश्लेषणात नेमकं तसंच आलं. ज्यांचा शालेय जीपीए ४ पैकी १.९ च्याही खाली होता, अशा सर्वांत कमकुवत गटातले शंभरातले सुमारे ४३ विद्यार्थी थेट वरच्या इंग्रजीत बसले तर पास होतील, असा अंदाज निघाला. हेच विद्यार्थी एक पायरी खालून निघाले तर वर्षभरात वरचा वर्ग पार करणारे साधारण १२. गणितातल्या संख्याशास्त्राच्या वर्गात सर्वांत खालच्या गटासाठी हे आकडे २९ आणि ८ होते. ४३ काय किंवा २९ काय, हे आकडे चांगले नाहीतच. निम्म्याहून जास्त मुलं नापास होणार, हे त्यात उघड आहे. पण दुसरा पर्याय तिपटीहूनही वाईट आहे, आणि निवड या दोहोंतच करायची होती.

जीपीएनुसार वाट अशी आखली गेली: इंग्रजीत २.६ आणि वर असेल तर सरळ वर्ग, १.९ ते २.६ असेल तर तोच वर्ग, सोबत जादा मदतीची शिफारस. त्याखाली तोच वर्ग आणि मदतीची जोरदार शिफारस. गुणपत्रिका मिळत नसेल तर विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेला जीपीए चालतो.

जादा मदत म्हणजे जोडवर्ग. मुख्य वर्गाला लागूनच त्याच आठवड्यात दोन-तीन तास, त्या आठवड्याला जे लागेल तेवढंच मागचं गणित पक्कं करून घ्यायचं. याला भक्कम पुरावा न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठातून मिळालेला होता. २०१३ च्या शरद सत्रात तिथल्या तीन कम्युनिटी कॉलेजांतल्या ९०७ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं. सगळ्यांना चाचणीने प्राथमिक बीजगणितात पाठवलेलं होतं. नुसतं बीजगणित केलेल्यांपैकी ३९ टक्के पास झाले. बीजगणित आणि जोडवर्गासारखी दर आठवड्याची कार्यशाळा मिळालेल्यांपैकी ४५ टक्के. आणि ज्यांना बीजगणित वगळून थेट पदवीच्या पातळीचं संख्याशास्त्र आणि कार्यशाळा दिली, त्यांच्यापैकी ५६ टक्के. वरचा विषय घेणारे जास्त पास झाले.

दोन्ही बाजूंचे आकडे खरे

अंमलबजावणीनंतर अध्यापकांमध्ये मोठी नाराजी पसरली, आणि ती हट्टीपणाची नव्हती. त्यांच्या वर्गात नापासांची संख्या खरोखरच वाढली होती. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूटचे गणिताचे आकडे शंभराच्या हिशोबात मांडले की हे नीट दिसतं.

२०१५ च्या शरद सत्रात पहिल्यांदा गणित घेणाऱ्या १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे २१ थेट ट्रान्सफर पातळीच्या वर्गात बसले, आणि त्या सत्रात १४ जणांनी तो वर्ग पास केला. २०१९ च्या शरद सत्रात सुमारे ७८ बसले आणि ४० पास झाले. शिक्षकाच्या खुर्चीतून बघा: आधी तिघांतले दोघे पास व्हायचे, आता जेमतेम निम्मे. नापास होणारे सातावरून अडतीसवर गेले. ज्याला रोज त्या अडतीस चेहऱ्यांसमोर उभं राहायचं आहे त्याला यश दिसणार कसं? पण प्रवेशाच्या वेळी उभ्या असलेल्या शंभर जणांकडे पाहिलं, तर पार होणारे चौदाचे चाळीस झाले. आधीच्या पद्धतीत वरच्या वर्गाबाहेर राहिलेले एकोणऐंशी त्या शिक्षकाच्या हजेरीपटावर कधी आलेच नव्हते, म्हणून त्यांचं अपयश कुणाच्या निकालात मोजलं जात नव्हतं. इंग्रजीतही याच काळात सुरुवातीलाच वर बसणारे ३८ चे ९६ झाले, आणि पहिल्या सत्रात पास होणारे २७ चे ६१.

मी या वादात कायद्याच्या बाजूने आहे. तरी दोन गोष्टी टोचत राहतात. एक, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पास होण्यात मोठी वाढ झाली, पण गोऱ्या आणि आशियाई विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर मिटलं नाही. दोन, ते नापास झालेले अडतीस. त्यांच्या शैक्षणिक नोंदीवर शेरा पडतो, सरकारी आर्थिक मदतीची अट पाळणं अवघड होतं, आणि 'मला जमत नाही' ही समजूत पक्की होते. जोडवर्ग जिथे नुसता कागदावर आहे, तिथे ही किंमत विद्यार्थी भरतो. वर्ग बदलण्याचा कायदा एका सहीने होतो. जोडवर्गाला शिक्षक, जागा आणि तास लागतात, आणि ते प्रत्येक कॉलेजात सारखे उपलब्ध झाले नाहीत.

अजून न मिटलेला भाग

काही कॉलेजं पूर्वतयारीचे वर्ग चालू ठेवून विद्यार्थ्यांना तिकडे वळवत राहिली, म्हणून २०२२ मध्ये एबी १७०५ हा आणखी कडक कायदा आला. त्याचा सर्वांत वादग्रस्त भाग विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचा आहे. कॅल्क्युलसच्या आधीचे अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना खरंच उपयोगी पडतात हे कॉलेजने जुलै २०२५ पर्यंत दाखवावं, नाहीतर त्यांची सक्तीच काय, शिफारसही करू नये, अशी ती तरतूद.

इथे माझी खात्री डळमळते. संख्याशास्त्राला मागचं बीजगणित फार लागत नाही, जे लागतं ते वाटेत शिकवता येतं. कॅल्क्युलसचं तसं नाही. त्यात बैजिक हाताळणी पानोपानी लागते, आणि त्यानंतर त्यावरच उभे असलेले आणखी दोन-तीन अभ्यासक्रम येतात. पहिला पेपर पास होणं हा तिथे पुरेसा मापदंड नाही. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या समितीचा अहवाल आला. तिथे नव्या विद्यार्थ्यांत गणित शालेय पातळीच्याही खाली असलेल्यांची संख्या २०२० ते २०२५ या पाच वर्षांत जवळपास तीसपट झाली, आणि त्यातल्या अनेकांच्या शालेय श्रेण्या चांगल्या होत्या. ही उणीव उघडी पडली ती विद्यापीठाच्या स्वतःच्या गणित चाचणीमुळे. महामारीतलं शिक्षण आणि शाळांतल्या वाढीव श्रेण्या यांनी जीपीएचा भरवसा कमी केला असेल, तर २०१२ चे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील.

एवढ्यावरून बारा प्रश्नांच्या जुन्या पद्धतीकडे परत जावं, असं मला वाटत नाही. ती कुणाला काय येत नाही हेही नीट सांगत नव्हती, फक्त एक आकडा द्यायची. चाचणी वर्गात बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात घ्यावी, तिचा निकाल जोडवर्गाच्या शिक्षकाकडे जावा, आणि कुणाला अपूर्णांक तर कुणाला घातांक शिकवायचे ते त्यावरून ठरावं. कॅल्क्युलसच्या बाबतीत कॉलेजांनी तीन वर्षांचा हिशोब जाहीर करावा: सरळ कॅल्क्युलसमध्ये बसलेल्या शंभरातले किती जण दुसरं कॅल्क्युलस पार करून विज्ञान शाखेतच टिकले, आणि पूर्वतयारी करून आलेल्या, तितकाच जीपीए असलेल्या शंभरातले किती.